वैद्याचा यांत्रिक सल्लागार आणि त्याचे कारागीर



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार-संघटनेच्या कामात ज्याचे आयुष्य गेले, त्याने वैद्यकातील संगणकाविषयी काय सांगावे, ही शंका रास्त आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि संगणकाचे शास्त्र कोणत्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. जे वाचले ते फावल्या वेळी, शब्दकोश उशाशी ठेवून. परंतु कारखान्यात नवे यंत्र आले म्हणजे त्याच्या चकचकीत अंगाकडे पाहण्याआधी चार प्रश्न विचारावयाचे, ही सवय आम्हांला कामाने लावली आहे. हे यंत्र कोणी घडविले? येथल्या कामाला ते कोण जुळवून देणार? उद्या ते बिघडले तर प्रथम कोणाच्या ध्यानात येणार? आणि ते थांबविण्याचा अधिकार कोणाला? हेच चार प्रश्न आज आम्ही डॉक्टरांच्या टेबलावर येऊन बसलेल्या यंत्राला विचारणार आहोत.

या यंत्राला निर्णय-साहाय्य प्रणाली म्हणतात. रुग्णाची लक्षणे, तपासण्या, चालू औषधे ही माहिती संगणकात भरली की तो डॉक्टरांना सल्ला देतो: अमुक रोगाचा संभव अधिक दिसतो, ही दोन औषधे एकत्र देऊ नका, या रुग्णाची अमुक तपासणी राहून गेली आहे. निर्णय डॉक्टरांचाच, यंत्र केवळ साहाय्य करणार, अशी त्यामागची कल्पना.

असा सल्लागार घडविणे हे अत्यंत किचकट काम होय. तज्ज्ञाच्या डोक्यातील ज्ञान बाहेर काढावयाचे, ते संगणकाला समजेल अशा आज्ञांत मांडावयाचे, तपासावयाचे आणि वैद्यक पुढे सरकले की पुन्हा सुधारावयाचे. म्हणून गेली पन्नासांहून अधिक वर्षे एक उद्योग सारखा चालू आहे. तो असा की, हे घडविण्याचे कामसुद्धा यंत्राकडेच सोपवावे. आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, ती यंत्रानेच तयार करावी. या उद्योगाचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. त्यातून आमच्या हाती आलेले सार आधीच सांगून टाकतो: प्रत्येक टप्प्याला एका प्रकारचे श्रम खरोखरच वाचले, परंतु दुसऱ्या प्रकारचे श्रम वाढले, आणि ते बहुधा अशा माणसाच्या अंगावर पडले की ज्याचे नाव ग्रंथात येत नाही. जेथे त्या माणसाची कदर झाली तेथे यंत्राने प्राण वाचविले. जेथे झाली नाही तेथे यंत्र मुकाट्याने चुकत राहिले.

लीड्स येथील पोटदुखी

इंग्लंडच्या उत्तरेस लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले लीड्स हे शहर आहे. तेथे एफ. टी. डी डोंबाल या शल्यचिकित्सकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास एक साधाच वाटणारा प्रश्न हाती घेतला. मध्यरात्री पोट धरून कळवळणारा रुग्ण रुग्णालयात येतो. आंत्रपुच्छ सुजले आहे, जठराचा व्रण फुटला आहे, पित्ताशयाचा दाह आहे, की चार तासांत आपोआप थांबणारी पोटदुखी आहे? शस्त्रक्रिया करावी की थांबावे? चुकीचे पोट फाडले तर नुकसान, आणि फाडावयाचे ते न फाडले तर प्राणावर बेतणार.

डी डोंबाल यांनी नियम लिहिलेच नाहीत. त्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी जमविल्या. दुखणे कोठे सुरू झाले, कोठे सरकले, उलटी झाली का, दाबल्यावर दुखते की हात काढल्यावर, अशा प्रत्येक लक्षणाची ठराविक शब्दांत नोंद करून घेतली. आणि अखेरीस निघालेल्या रोगाशी तिची गाठ घातली. मग अठराव्या शतकातील टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या संभाव्यतेच्या गणिताने संगणक नव्या रुग्णाविषयी अंदाज सांगू लागला. नियम कोणी सांगितला नव्हता. तो नोंदींच्या मोजणीतून निघाला होता. आज ज्याला यंत्राचे शिक्षण म्हणतात, त्याचा हा एक वडीलधारा नातेवाईक म्हणता येईल.

१९७२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ३०४ रुग्णांत संगणकाचे निदान शेकडा ९१.८ वेळा बरोबर ठरले; पथकातील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे शेकडा ७९.६ वेळा. या आकड्यांनी खळबळ उडाली. परंतु आमचे लक्ष त्यांच्याइतकेच त्यांच्या आजूबाजूच्या तीन गोष्टींकडे जाते.

पहिली अशी. नोंदींतून मोजलेले आकडे काढून त्यांच्या जागी डॉक्टरांच्या अनुभवी अंदाजाचे आकडे घातले, तेव्हा तेच यंत्र अधिक चुकू लागले. म्हणजे यंत्राचे शहाणपण गणितात नव्हते. ते रात्रपाळीला जागून नोंद करणाऱ्याच्या पेन्सिलीत होते. दुसरी अशी की, लीड्सचे कोष्टक कोपनहेगनच्या रुग्णांना लावून पाहिले तेव्हा तितकी अचूकता दिसली नाही. पोट तेच, रोग तेच. परंतु कोणत्या गावात कोणता रोग किती, लोक दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात आणि डॉक्टर ते कसे टिपतात, हे गावागणिक बदलते. तिसरी गोष्ट सर्वांत मार्मिक. प्रयोग चालू असताना डॉक्टरांची स्वतःची निदानेही सुधारली, आणि प्रयोग संपताच ती पुन्हा घसरली. ठराविक प्रश्न विचारून छापील फॉर्म भरणे आणि आपले निदान बरोबर आले की नाही हे लगेच कळणे, एवढ्यानेच माणूस सावध झाला होता.

पुढे १९८६ साली आठ केंद्रांतील २५० हून अधिक डॉक्टर आणि १६,७३७ रुग्ण यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पहिल्या तपासणीतील निदानाची अचूकता शेकडा ४५.६ वरून ६५.३ वर गेली. आंत्रपुच्छाच्या रुग्णांत ते फुटण्याचे प्रमाण शेकडा २३.७ वरून ११.५ वर आले. हे यश केवळ संगणकाचे असे आम्ही म्हणणार नाही, केवळ फॉर्मचे असेही नाही. शिस्तीने नोंद, तिचा हिशेब आणि त्याची परत पोच, या तिन्हींच्या साखळीचे ते यश होते.

तज्ज्ञाचे डोके आणि रिकामे यंत्र

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात जाऊ. लीड्समध्ये मोजणीवर भर होता, तर येथे युक्तिवादावर. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एडवर्ड शॉर्टलिफ या तरुणाने ब्रूस ब्यूकॅनन आणि स्टॅन्ली कोहेन यांच्या मार्गदर्शनाखाली मायसिन नावाची आज्ञावली रचली. रक्तात जंतू शिरले असता कोणते जंतू असावेत आणि कोणते प्रतिजैविक द्यावे, हा तिचा विषय. प्रतिजैविकांच्या नावांना ‘मायसिन’ हे जे शेपूट असते, त्यावरून हे नाव पडले.

मायसिनमध्ये ज्ञान नियमांच्या रूपात होते. जंतू ग्रॅम-ऋण असेल, आकाराने काडीसारखा असेल आणि प्राणवायूवाचून वाढत असेल, तर तो अमुक जातीचा असण्यास ०.६ इतका आधार आहे, अशा धर्तीचे. आरंभी असे सुमारे २०० नियम होते, पुढे ते सुमारे ५०० झाले. तज्ज्ञांना एकेका रुग्णाविषयी छेडून, त्यांच्या तोंडून ‘मी असे केले असते’ हे वदवून आणि मग ‘कशावरून?’ असे खोदून खोदून ते जमविले गेले. या कामाला पुढे ज्ञान-अभियांत्रिकी असे भारदस्त नाव मिळाले.

कामगार-चळवळीतल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटते. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ च्या आपल्या ग्रंथात सांगितले होते की, कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे आणि त्याचे नियम बनवावेत. त्यासाठी लेथजवळ घड्याळ घेऊन माणूस उभा राहिला. येथे तो डॉक्टरांच्या शेजारी वही घेऊन बसला, एवढाच फरक. पण एक भेद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. टेलरच्या पद्धतीत कारागिराला ‘का?’ असे विचारण्याची मुभा नव्हती. मायसिनला मात्र डॉक्टर उलट विचारू शकत होता: हा प्रश्न मला का विचारतोस? हा निष्कर्ष कसा काढलास? आणि यंत्र आपला नियम पुढे ठेवीत असे. यंत्राला जाब विचारण्याची ही सोय त्याच्या रचनेतच होती, ही या इतिहासातील फार मोलाची गोष्ट आम्ही मानतो.

परंतु नियम गोळा करण्याचे काम संथ होते. याच गटातील रँडल डेव्हिस याने १९७६ च्या सुमारास त्यावर उपाय म्हणून टायरेसियस ही दुसरी आज्ञावली केली. ग्रीक पुराणातील आंधळ्या भविष्यवेत्त्याचे हे नाव. तिचा व्यवहार असा: मायसिनचा निष्कर्ष डॉक्टरला पटला नाही की टायरेसियस त्याला युक्तिवादाच्या पायऱ्या एकेक करून उलट्या चढवून नेई, आणि कोठे पाऊल चुकले, कोणता नियम उणा आहे, हे त्याच्याकडूनच काढून घेई. डॉक्टर साध्या इंग्रजी वाक्यात नवा नियम सांगे. यंत्र तो आपल्या भाषेत बदलून वाचून दाखवी आणि पुस्तीही जोडी, की या प्रकारच्या इतर नियमांत अमुक अटही असते, ती आपल्याकडून राहिली तर नाही? मधला वहीवाला माणूस काढून ज्ञानाची लेखणी ज्याचे ज्ञान त्याच्याच हाती द्यावी, हा त्यातला हेतू. स्वयंचलनाचा हा एक उदार प्रकार होय, आणि आज तो विसरला गेला आहे याचे आम्हांला वाईट वाटते.

तिसरे पाऊल विल्यम व्हॅन मेल याने टाकले. मायसिनमधले जंतूंचे ज्ञान काढून घेतले तर युक्तिवाद करणारे रिकामे यंत्र उरते. मग त्यात दुसरे कोणतेही ज्ञान का भरू नये? त्याने गंमत म्हणून एका मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून भोंग्याच्या वीजमंडलाविषयी १५ नियम घातले, आणि रक्तातले जंतू ओळखणारे यंत्र भोंगा का वाजत नाही ते सांगू लागले! या रिकाम्या सांगाड्याला एमायसिन नाव मिळाले. त्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक मेडिकल सेंटरमधील श्वसनतपासणीसाठी पफ ही प्रणाली उभी राहिली. तज्ज्ञांचे पन्नास तासांहून कमी लागले. पुढे ती साध्या भाषेत पुन्हा लिहून रुग्णालयाच्या स्वतःच्या लहान संगणकावर बसविली, आणि तिचे अहवाल डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊन नित्य वापरात आले.

थोरल्या मायसिनचे काय झाले? १९७९ साली तिची आंधळी परीक्षा घेतली. मस्तिष्कावरणदाहाचे १० रुग्ण घेतले. उपचार कोणी सुचविले हे न सांगता ८ तज्ज्ञांना तपासावयास दिले. मायसिनचे शेकडा ६५ उपचार मान्य झाले. विद्यापीठातील तज्ज्ञ अध्यापकांचे ४२.५ ते ६२.५. म्हणजे परीक्षेत ती गुरुजनांच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढे उत्तीर्ण झाली. तरीही ती कोणत्याही वॉर्डात नित्य वापरली गेली नाही. एकेका रुग्णासाठी अर्धा तास बसून प्रश्नांची उत्तरे टंकित करावयास तेथे कोणाला सवड होती? लहान पफ कामावर रुजू झाली, कारण ती चालू कामाच्या ओघात बसली. मोठी बुद्धिमान मायसिन घरीच राहिली, कारण तिच्यासाठी वेगळा वेळ काढणाऱ्या माणसाची तरतूद कोणी केली नव्हती.

आणखी एक गोष्ट स्टॅनफर्डच्याच विल्यम क्लॅन्सी याने दाखवून दिली. मायसिनचे नियम विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी वापरावे म्हणून तो बसला, तेव्हा त्याला दिसले की नियमामागचे कारण नियमात नाही. उदाहरणार्थ, आठ वर्षांखालील मुलाला टेट्रासायक्लिन देऊ नये, हा नियम. का देऊ नये असे विचारले तर यंत्र नियमच पुन्हा म्हणून दाखवी. ते औषध वाढत्या हाडांत व दातांत बसते आणि दात कायमचे डागाळतात, ही गोष्ट नियम सांगणाऱ्या तज्ज्ञाला ठाऊक होती, पण कागदावर उतरली नव्हती. ज्याला कारण ठाऊक आहे तो प्रसंगी नियम मोडू शकतो. प्राण वाचविण्यास दुसरे औषध नसेल तर डागाळलेले दात परवडतात. ज्याच्याजवळ नुसता नियम आहे, त्याला तो मोडताही येत नाही आणि त्याचे समर्थनही करता येत नाही.

महिरपी कंसातली पोकळी

याच काळात इंडियानापोलिस येथील क्लेमेंट मॅक्डोनाल्ड या डॉक्टराने फार नम्र मार्ग धरला. त्याचे यंत्र निदान सांगत नव्हते, केवळ आठवण करून देत होते. १९७६ साली त्याने दाखविले की, आठवण मिळाली असता डॉक्टरांनी शेकडा ५१ प्रसंगी योग्य दखल घेतली. न मिळाली असता केवळ २२ प्रसंगी. त्याचा निष्कर्ष असा की, या चुका अज्ञानाच्या नसतात. माणसाच्या लक्ष देण्याच्या शक्तीलाच मर्यादा आहे, आणि कामाचा लोंढा आला की ती उणी पडते. बारा तासांच्या पाळीनंतर बोटे गमावलेले कामगार पाहिलेल्या माणसाला हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आठवणी देणारे असे नियम ठिकठिकाणच्या रुग्णालयांत लिहिले जाऊ लागले. मग साहजिकच विचार आला की, एका रुग्णालयाने कष्टाने लिहिलेला नियम दुसऱ्याने तसाच का घेऊ नये? १९८९ साली न्यूयॉर्क राज्यातील आर्डन होमस्टेड या ठिकाणी जाणकार जमले आणि त्यांनी नियम लिहिण्याची एक समाईक भाषा ठरविली. तिला आर्डन लिपी म्हणू. १९९२ साली तिला मानकाचा दर्जा मिळाला. नियमाचा एकेक सुटा घटक बनवावा, त्यावर लेखकाचे नाव आणि तपासल्याची तारीख असावी, आणि तो कोठेही नेऊन बसवावा, अशी ही योजना. लेखकाचे नाव सक्तीचे केले, ही गोष्ट आम्हांला विशेष आवडते.

परंतु एक अडचण राहिली, आणि तिला त्या शास्त्रात महिरपी कंसाची अडचण असेच नाव पडले आहे. ‘रक्तातील पोटॅशियम अमुकहून कमी असेल तर इशारा द्या’ हा नियम सर्वत्र सारखा. पण या रुग्णालयाच्या संगणकात पोटॅशियमचा आकडा कोणत्या कप्प्यात, कोणत्या नावाने, कोणत्या परिमाणात ठेवला आहे, हे प्रत्येक ठिकाणी निराळे. म्हणून तेवढा भाग महिरपी कंसात टाकून स्थानिक माणसाने भरावा, असे ठरले. नियमाचा तर्क मोफत प्रवास करतो. कंसातला मजकूर मात्र प्रत्येक गावी हाताने भरावा लागतो. लीड्सचे कोष्टक कोपनहेगनला गेले तेव्हा जे झाले, तेच हे दुसऱ्या रूपात. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म त्या कंसात आहे.

शांतता म्हणजे आरोग्य नव्हे

कंसातला मजकूर एकदा भरला म्हणजे काम संपले असे नाही. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स या नामांकित रुग्णालयातील प्रसंग २०१६ साली तेथील संशोधकांनीच प्रसिद्ध केला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर अमिओडॅरोन नावाचे औषध देतात. त्याने गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडू शकते. म्हणून हे औषध वर्षभर घेणाऱ्या रुग्णाची थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर संगणक आठवण देत असे. नोव्हेंबर २००९ मध्ये त्या औषधाचा संगणकातील अंतर्गत क्रमांक बदलला. नियमात मात्र जुनाच क्रमांक राहिला. जुन्या रुग्णांच्या नोंदींत जुना क्रमांक असल्याने आठवणी एकदम थांबल्या नाहीत. हळूहळू कमी होत गेल्या, आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानात आल्या नाहीत. २०१३ साली एका सहकाऱ्याला ही सोय करून दाखवीत असता ती चालेना, तेव्हा योगायोगाने उलगडा झाला. नियम बरोबर, वैद्यक बरोबर, यंत्रही बरोबर. आणि तरी जवळजवळ चार वर्षे एक पहारेकरी आपल्या जागी झोपलेला.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे अतिबडबड. औषधांच्या इशाऱ्यांविषयीच्या अनेक पाहण्या एकत्र करून २००६ साली असे दाखविले गेले की, डॉक्टर शेकडा ४९ ते ९६ इशारे बाजूला सारून पुढे जातात. जो रखवालदार प्रत्येक मांजराला पाहून शिट्टी वाजवतो, त्याच्या शिटीने चोर आला तरी कोणी उठत नाही. एका रुग्णालयातील परिचारिका संघटनेच्या बैठकीत आम्हांला म्हणाल्या, “साहेब, दर दोन मिनिटांनी पडद्यावर लाल चौकट येते. वाचायची म्हटली तर सलाइन बदलायची राहते, आणि न वाचता बंद केली तर उद्या चौकशीत आमचेच नाव.” त्या यंत्राच्या खरेदीच्या समितीत त्यांच्यापैकी एकही नव्हती. यंत्र बोलले तर दोष तिचा, यंत्र गप्प राहिले तरी दोष तिचा, असा हा न्याय आहे.

नियम लिहिणारे यंत्र

आता आपल्या काळाकडे येऊ. यंत्राने आज्ञावली लिहावी ही कल्पना नवी नाही. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान भाषा आणली, तेव्हा तिलाही स्वयंचलित संहितालेखनच म्हटले गेले होते. २०२१ पासून मात्र साध्या भाषेतील वर्णन वाचून आज्ञावली लिहून देणारी यंत्रे सर्वसामान्य प्रोग्रामरांच्या हाती आली. वैद्यकीय मार्गदर्शिकेतील परिच्छेद पुढे ठेवावा आणि यंत्राने त्याचा नियम घडवून द्यावा, ही गोष्ट आता कल्पनेतली राहिलेली नाही. टायरेसियसला जे हवे होते त्याहून पुष्कळ अधिक झाले. नियमाचा तर्क लिहिण्याचे श्रम जवळजवळ फुकट झाले.

पण कंस? तो अजून तेथेच आहे. याचा दाखला त्याच २०२१ सालात मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातून आला. संसर्गाने शरीराची प्रतिक्रिया अनावर होऊन इंद्रिये निकामी होऊ लागतात, त्या स्थितीला सेप्सिस म्हणतात. ती वेळीच ओळखण्यासाठी एपिक या मोठ्या कंपनीने नोंदींवरून शिकविलेली प्रणाली अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत चालू होती. मिशिगनच्या संशोधकांनी ३८,४५५ दाखल्यांवर तिची स्वतंत्र परीक्षा घेतली. सेप्सिस झालेल्या २,५५२ रुग्णांपैकी १,७०९, म्हणजे शेकडा ६७, तिने ओळखलेच नाहीत. आणि एकूण दाखल्यांपैकी शेकडा १८ मध्ये मात्र इशारा दिला. कंपनीने पुढे ती प्रणाली सुधारली. परंतु बाहेरच्या माणसाने मोजून पाहीपर्यंत ती चालूच होती, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. मायसिनसारखा ‘का?’ हा प्रश्न तिला विचारता येत नव्हता. उत्तर देण्यासाठी नियमच नव्हते, केवळ आकड्यांचे वजन होते.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाचा संशय सांगणाऱ्या आज्ञावल्या आता वापरात आहेत. २०१६ साली निघालेली मुंबईची क्यूर ही कंपनी त्या करणाऱ्यांतील एक. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यांवरील व्यक्तींच्या क्षय-तपासणीत चित्र वाचण्यासाठी माणसाऐवजी अशी आज्ञावली वापरण्यास मान्यता दिली. जेथे चित्र वाचणारा तज्ज्ञ पंचक्रोशीत नाही, तेथे हा मोठाच लाभ होय. परंतु त्याच संघटनेने असेही सांगितले की, कोणत्या आकड्यापुढे संशयित मानावयाचे ती रेषा प्रत्येक ठिकाणी स्थानिक रुग्णांवरून ठरवावी, आणि ती कशी ठरवावी याची वेगळी पुस्तिका दिली. हा तोच महिरपी कंस. तो भरण्यासाठी वॉर्डातील तंत्रज्ञ, थुंकीची तपासणी करणारा प्रयोगशाळेतील माणूस आणि नोंद ठेवणारी आरोग्यसेविका, ही तीन माणसे लागतात. यंत्राच्या किमतीत त्यांचा पगार धरलेला नसतो.

कायद्याची पावलेही याच दिशेने पडू लागली आहेत. अमेरिकेच्या डिसेंबर २०१६ च्या कायद्याने काही निर्णय-साहाय्य प्रणालींना वैद्यकीय उपकरणाच्या नियंत्रणातून वगळले. पण सल्ल्याचा आधार डॉक्टरला स्वतंत्रपणे तपासता आला पाहिजे, ही त्यातली एक अट. भारत सरकारने ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने रोगनिदानासाठी वा उपचारासाठी असलेल्या सॉफ्टवेअरलाही वैद्यकीय उपकरण मानले, आणि ती १ एप्रिल २०२० पासून अमलात आली. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत विचारलेला ‘का?’ हा प्रश्न चाळीस वर्षांनी अमेरिकेच्या विधिमंडळात पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

नागरिकांनी काय मागावे

श्रोतेहो, यंत्राचा द्वेष करा असे सांगावयास आम्ही आलेलो नाही. लीड्समध्ये आंत्रपुच्छ फुटण्याआधी ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्या घरच्यांना यंत्राविषयी विचारा. आमचे म्हणणे एवढेच की, आज्ञावली लिहिणे जसजसे स्वस्त होईल तसतशी ती अधिक संख्येने आपल्या रुग्णालयांत येईल. आणि तिला गावाशी जुळवून घेणे, तिच्यावर नजर ठेवणे, तिला जाब विचारणे ही कामे तितक्याच प्रमाणात वाढतील. शंभर नियम एका दिवसात लिहिता आले म्हणून ते तपासणारी माणसे एका दिवसात निर्माण होत नाहीत.

म्हणून आपल्या नगरपालिकेच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयात असा सल्लागार येईल तेव्हा नागरिकांनी चार गोष्टी मागाव्यात. प्रत्येक नियमावर, तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, एका जबाबदार माणसाचे नाव आणि तपासणीची तारीख असावी. आपल्याच रुग्णांच्या नोंदींवर त्याची आधी परीक्षा व्हावी आणि तिचे आकडे रुग्णालयाच्या फलकावर लागावेत. कारखान्यातील आगीची घंटा जशी ठराविक दिवशी वाजवून पाहतात, तसा दरमहा एक बनावट रुग्ण संगणकात घालून इशारा येतो की नाही हे पाहावे, आणि त्याची नोंदवही असावी. आणि चौथे, जी परिचारिका वा जो डॉक्टर कारण लिहून यंत्राचा सल्ला नाकारील, त्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये. माहिती भरण्याचा वेळ त्याच्या पाळीच्या तासांत धरावा, आणि यंत्र घेण्याच्या समितीत त्याचा प्रतिनिधी असावा.

यातील एकही मागणी संगणकशास्त्राची नाही. गिरणीत बॉयलर आला तेव्हा त्याच्या तपासणीचा कायदा झाला, परवानाधारक माणूस नेमला गेला, दाबमापक सर्वांना दिसेल असा बसविला गेला. बॉयलरची वाफ डोळ्यांना दिसत होती, म्हणून लोकांनी हे लवकर मागितले. आज्ञावलीची वाफ दिसत नाही. तेव्हा मागणी करणाऱ्यांनाच अधिक जागरूक राहावे लागेल, आणि ते काम डॉक्टरांवर किंवा कंपन्यांवर सोपवून आपणांस घरी बसता येणार नाही. उद्या त्या खाटेवर आपणच असू.